स्लोप नाही, रॅम्प

माझ्या पहिल्याच ड्रॉइंगवर त्यांनी हिरव्या पेन्सिलीने एक शब्द खोडला आणि शेजारी काहीच लिहिलं नाही.

आयर्लंडमधल्या स्लायगोतल्या त्या छोट्या इंजिनिअरिंग ऑफिसात मला नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. दोन हजार आठ नुकतंच सुरू झालं होतं. एका शाळेच्या दारापुढे चढ दाखवायचा होता, तिथे मी 'स्लोप' लिहिलं होतं. पुण्यात चार वर्षं मी हेच लिहीत आले होते. साइटवर मुकादम विचारायचा, "मॅडम, इथे स्लोप काढू का?" आणि मी म्हणायचे, "काढा." गच्चीचा स्लोप, मोरीचा स्लोप, पार्किंगचा स्लोप. जे सपाट नाही ते सगळं स्लोप.

मी कागद घेऊन ड्रॉइंगं तपासणाऱ्या त्या म्हाताऱ्या इंजिनिअरांच्या टेबलापाशी गेले. "स्पेलिंग चुकलं का?"

"स्पेलिंग बरोबर आहे. शब्द चुकलाय," ते म्हणाले. "कोट घाल."

स्टेशनरीच्या खोलीत, कागदांच्या गठ्ठ्यांमागे, एक जुनी व्हीलचेअर होती. ती त्यांनी बाहेर काढली, मागच्या दाराने गल्लीत नेली आणि अगदी खालच्या टोकाला उभी करून मला म्हणाले, "बस." पाऊस आडवा येत होता. मी बसले. "आता वर ये."

"तुम्ही ढकलणार ना?"

"नाही."

मी चाकं फिरवायला लागले. पहिली दहाएक फुटं जमलं. मग हात भरून आले, ओली चाकं तळव्यातून निसटायला लागली आणि गल्लीच्या मध्यावर खुर्ची हळूहळू मागे जायला लागली. मागून त्यांनी बूट आडवा घातला, खुर्ची थांबली. मान वळवून पाहिलं तर अख्खं ऑफिस चहाचे मग घेऊन खिडकीत उभं होतं. नव्याने लागलेल्या प्रत्येकाचं हे होत असे, हे मला नंतर कळलं.

"ही गल्ली काय आहे? स्लोप की रॅम्प?"

"स्लोप," मी अंदाजाने म्हणाले.

"का?"

मी ओले हात कोटाला पुसले.

"कारण ही कोणी तुझ्यासाठी केलेली नाही," ते म्हणाले. "टेकडी होती, तिच्यावर डांबर टाकलं. घसरलीस तर डोंगराला शिव्या दे. रॅम्प म्हणजे कोणीतरी बसून विचार केलाय, की खाली एक माणूस आहे आणि त्याला वर यायचंय. तो कुठे दमेल, कुठे थांबेल, कशाला धरेल, हे सगळं त्या विचार करणाऱ्याला ठरवावं लागतं. चुकला तर त्याचं नाव घेता येतं. तू शाळेच्या दारावर स्लोप लिहिलंस. म्हणजे उद्या एखादं मूल पडलं तर कोणाचंच नाव नाही."

मग त्यांनी मला वरपर्यंत ढकलत नेलं. "खुर्ची पुसून ठेव," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

ऑफिसात त्यांना सगळे 'हिमसेल्फ' म्हणत. आयर्लंडच्या त्या भागात घरातल्या कर्त्या माणसाला असं म्हणायची पद्धत आहे. पूर्वी आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव न घेता नुसतं 'हे' म्हणत, साधारण तसंच. ऑफिसचा मालक खरं तर डेक्लन नावाचा माणूस होता, त्यांच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान. पण "हिमसेल्फ आले का?" असं कोणी विचारलं की ते म्हणजे हेच. साठी उलटलेली, उंच, किंचित पुढे वाकलेले. तीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात काढून इथे आले होते आणि ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या हिरव्या पेन्सिलीखालून जायचा. लाल पेन्सिल का नाही, असं मी एकदा विचारलं. "लाल मास्तरांची," ते म्हणाले. "मी शिकवत नाही. मी अडवतो."

गाडीने यायचे, पण पँटच्या पायाला सायकलवाले लावतात त्या पट्ट्या लावलेल्या असायच्या. सायकल विकून अकरा वर्षं झाली होती. कोटाच्या एका खिशात छोटी लेव्हल, म्हणजे गवंड्यांची ती बुडबुड्याची पट्टी, आणि दुसऱ्या खिशात संत्रं. कुठल्याही नव्या इमारतीत गेले की आधी संत्रं जमिनीवर ठेवायचे, ते कुठे जातंय ते बघायचे, मग लेव्हल लावून खात्री करायचे आणि शेवटी तेच संत्रं सोलून खायचे. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "अंदाजे किती वाजले?" असं विचारलं तर उत्तरच द्यायचे नाहीत.

आमची सेक्रेटरी ब्रीज. तिची आई वारली तेव्हा आम्ही सगळे चर्चला गेलो. शवपेटी घेऊन माणसं दाराशी आली तर हे दारातच गुडघे टेकून, डोकं खाली घालून बसलेले. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरलाय. पेटी खांद्यावर घेऊन सहा माणसं आदराने थांबली. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. मग हे उठले, लेव्हल खिशात टाकली आणि पाद्र्यांना म्हणाले, "फादर, पेटीसाठी हे ठीक आहे. ज्यांना अजून स्वतःच्या पायांनी यायचंय त्यांच्यासाठी नाही." ब्रीज त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. सहा महिन्यांनी चर्चच्या दाराला कठडा लागला, तेव्हा तिने त्यांना केक करून आणला.

मला बरेच दिवस वाटायचं, यांच्या घरात कोणीतरी अपंग असणार. एखादं मूल, नाहीतर बायको. त्याशिवाय माणूस एका शब्दाच्या मागे इतका कसा लागेल? मी ब्रीजला विचारलं. ती हसली. "बायको ना? ती गावातली बॅडमिंटनची चँपियन आहे. मुलं ऑस्ट्रेलियात सर्फिंग करतात. तसं काही नाही गं. ते असेच आहेत."

एकदा आमच्या घरी जेवायला आले. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा मंदार आणि पाच वर्षांची मुक्ता. मंदार पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून माझ्यामागे आला होता. त्याला इथे काम करायचं तर एखाद्या कंपनीने त्याचं स्वतंत्र पर्मिट काढायला हवं होतं, आणि ती कंपनी काही सापडत नव्हती. हिमसेल्फ आत आले ते थेट स्वयंपाकघरात. संत्रं ठेवलं. ते निघालं आणि घरंगळत प्रेसखाली, म्हणजे तिकडच्या भाषेत कपाटाखाली, गेलं. मुक्ताला हसू आवरेना. जेवताना त्यांनी वरण-भात दोनदा घेतला आणि मला विचारलं, "तुमच्या भाषेत स्लोपला काय म्हणतात?"

"तुम्ही कुठे उभे आहात त्यावर आहे," मी म्हणाले. "वर असाल तर उतार. खाली असाल तर चढ."

त्यांचा चमचा थांबला. "एकाच जागेला?"

"एकाच जागेला."

त्यांनी वही काढून दोन्ही शब्द माझ्याकडून लिहून घेतले, उच्चार तीनदा घोकला. "म्हणजे बोलणाऱ्याला आधी स्वतः कुठे आहे ते सांगावं लागतं," ते म्हणाले. "आणि रॅम्पला?"

"रॅम्पला रॅम्पच म्हणतो."

"अरेरे," ते म्हणाले, आणि खरोखरच त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

त्या वर्षाच्या शेवटाकडे कामं आटायला लागली. आधी दोन मोठ्या वसाहती थांबल्या, मग एक हॉटेल. अर्धवट घरांच्या भिंतींतून लोखंडी सळया तशाच गंजत राहिल्या. आमच्या ऑफिसात अकरा टेबलं होती. डेक्लन शुक्रवारी चारच्या सुमाराला कोणाला तरी खोलीत बोलवायचा आणि दार लावायचा. ते दार एरवी सताड उघडं असे. आत गेलेला माणूस दहा मिनिटांनी बाहेर यायचा, मग आणि फोटोफ्रेम पिशवीत भरायचा, आणि आम्ही उरलेले मान खाली घालून माउस हलवत राहायचो.

माझं पर्मिट या ऑफिसच्या नावावर होतं. ही नोकरी गेली तर काही महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. आणि सगळा देश बांधकाम बंद करून बसला असताना बांधकामाच्या इंजिनिअरला दुसरी नोकरी कोण देणार? शुक्रवारी मला डबा जात नसे. दुपारनंतर पाठीला डोळे फुटल्यासारखं व्हायचं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला तरी मी वळून बघायचे. घरी आले की मंदार आधी माझा चेहरा बघायचा. नोकरी अजून आहे, अशी मी मान हलवली की चहा टाकायचा. एकदा मुक्ताने शाळेतून आल्या आल्या तिच्या त्या आयरिश हेलात विचारलं, "ममी, आर वी बीइंग सेंट होम?" तिच्या वर्गातली एक मुलगी अशीच गेली होती.

दुसऱ्या वर्षी उन्हाळा संपता संपता आम्ही पाच जण उरलो होतो. डेक्लन, हिमसेल्फ, ब्रीज, एक ड्राफ्ट्समन आणि मी. आणि हातात एकच धड काम होतं. समुद्राकाठच्या एका गावात वृद्धाश्रमाला नवीन भाग बांधत होते. गाडीने अर्ध्या तासाचं अंतर. इमारत उभी राहिली होती, आमचा दाखला गेला की ताबा मिळणार होता.

अडचण नव्या दारापुढच्या वाटेची होती. आमच्या ड्रॉइंगमध्ये तो रॅम्प होता, हिमसेल्फनी स्वतः काढलेला: दोन टप्पे, मध्ये थांबायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडे. ठेकेदाराने जमिनीची पातळीच चुकवली आणि मग गाडीतळापासून दारापर्यंत काँक्रीटची एक सरळ, तिरपी पट्टी ओतून मोकळा झाला. टप्पा नाही, कठडा नाही. त्याच्याजवळ आता ते फोडून पुन्हा करायची ऐपत उरली नव्हती. त्याने तोडगा सुचवला. शेवटच्या ड्रॉइंगवर त्या वाटेला रॅम्प म्हणायचंच नाही, 'स्लोप्ड पाथ' म्हणायचं, म्हणजे बागेतली उताराची पायवाट. रॅम्पचे नियम मग तिला लागत नाहीत. खुर्चीवाल्यांना मागचं दार आहेच, असं लिहायचं.

शाळा पुन्हा सुरू झाल्या त्या आठवड्यात, बुधवारी, डेक्लनने हे हिमसेल्फना सांगितलं. दार उघडंच होतं, म्हणून आम्हाला ऐकू आलं. हिमसेल्फ एकच शब्द बोलले, "नाही," आणि बाहेर आले.

शुक्रवारी चार वाजता डेक्लनने माझं नाव घेतलं.

मी उठून आत गेले. त्याने दार लावलं. मला काढत नाहीये हे कळायला मला थोडा वेळ लागला. तो वाईट माणूस नव्हता. त्याचे डोळे सुजलेले होते आणि तो माझ्याकडे न बघता टेबलावरची पट्टी सरळ करत होता.

"साइट इंजिनिअर तू आहेस," तो म्हणाला. "ड्रॉइंगवर तुझी सही चालते. एकच शब्द आहे. हे काम अडकलं तर मला ऑफिस बंद करावं लागेल. आणि तुझ्या पर्मिटचं पत्र मला याच आठवड्यात लिहायचंय." मग पट्टी बाजूला ठेवून तो म्हणाला, "मी धमकी देत नाहीये. आहे ते सांगतोय."

मी सोमवारपर्यंत वेळ मागितला.

घरी मंदारला सांगितलं. त्याने आधी गॅस बंद केला. मग म्हणाला, "अगं, एकच शब्द आहे ना? तू तर पुण्यात सगळ्यालाच स्लोप म्हणायचीस."

मी त्याच्यावर चिडले, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

शनिवारी सकाळी मी एकटीच तिकडे गेले. स्वतःलाच समजावत होते, बघू तरी, कदाचित इतकं वाईट नसेल. टेप लावली, लेव्हल लावली. नऊ फूट पुढे गेलं की एक फूट वर. एकास नऊ. हिमसेल्फच्या ड्रॉइंगमध्ये ते एकास वीस होतं. मी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

तेवढ्यात वरचं दार उघडलं आणि एक आजी वॉकर घेऊन बाहेर आल्या. दाराला लावलेली प्लास्टिकची फीत त्यांनी सहज बाजूला सारली, जणू ती त्यांच्यासाठी नव्हतीच. मला बघून म्हणाल्या, "जरा हात दे गं."

मी धावत वर गेले. त्यांनी माझा दंड पकडला. इतक्या किरकोळ बाईच्या हातात इतकी ताकद कुठून आली कोण जाणे. दंडावर बोटं उमटली. आम्ही एकेक पाऊल खाली आलो. त्यांचं नाव कॅथलीन. गावचं पोस्ट त्यांनी चाळीस वर्षं चालवलं होतं. रोज या दाराने बाहेर पडून समुद्र बघायला जातात, म्हणाल्या, कारण जुनं दार रस्त्यावर उघडतं आणि रस्ता काय बघायचा?

"रोज एकट्या येता?"

"मला काही होत नाही, ग्रँड आहे गं मी. उतरताना फक्त देव आठवतो. आणि चढताना मध्ये थांबावंसं वाटतं, पण थांबले तर हे मागे जातं," त्यांनी वॉकरवर थाप मारली. "म्हणून मी थांबतच नाही."

मी त्यांना बाकापर्यंत पोचवलं, पाऊण तास त्यांच्याजवळ बसले आणि परत वर सोडून आले. परतीच्या वाटेवर मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. तेव्हा मला वाटलं, झालं, आता मी सही करूच शकत नाही.

सोमवारी मी सही केली.

हे सांगायला अजूनही जड जातं. सकाळी मुक्ताला शाळेत सोडताना तिने तिच्या मैत्रिणीला मारलेली हाक ऐकली, मंदारला आलेलं आणखी एक नकाराचं पत्र पाहिलं आणि ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरवर तीन ठिकाणी शब्द बदलला. एक मिनिटही लागलं नाही. प्रिंट काढली, कोपऱ्यात माझी आद्याक्षरं टाकली आणि टपालाच्या ट्रेमध्ये ठेवली. हिमसेल्फ त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी लेटरकेनीला गेले होते. ते नसताना मी हे केलं, हेही खरं.

टपाल दुसऱ्या दिवशी जायचं होतं. मंगळवारी ते सकाळी आठलाच आले असणार. मी पोचले तेव्हा ते माझ्या टेबलाशी उभे होते, हातात तो कागद.

"ही तुझी सही?"

"हो."

"तू जागेवर गेली होतीस?"

"शनिवारी."

"किती आलं?"

"एकास नऊ."

त्यांनी कागदावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. मी म्हणाले, "माझं पर्मिट..."

त्यांनी मान हलवली. होकाराची की कशाची, कळलं नाही. कागदाची चौघडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातली, डेक्लनच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्या ऑफिसात मंगळवारी ते दार कधी लागलं नव्हतं. वीसेक मिनिटं गेली. आवाज चढले नाहीत, आणि तेच जास्त भीतीदायक होतं. मग ब्रीजला आत बोलावलं. ती बाहेर येऊन काहीतरी टाइप करायला बसली, कागद घेऊन पुन्हा आत गेली. शेवटी हिमसेल्फ बाहेर आले. आपला मग, दोन पुस्तकं आणि लेव्हल पिशवीत भरली. माझ्या टेबलाजवळून गेले, थांबले नाहीत.

ब्रीजने मला जिन्यात गाठून सांगितलं. ते डेक्लनला म्हणाले होते, हा कागद गेला तर मी स्वतः तपासणीवाल्यांना पत्र लिहीन. डेक्लन म्हणाला, मग तुम्हाला ठेवणं मला शक्य नाही. ते म्हणाले, "ठीक आहे. मग तिच्या पर्मिटचं पत्र आत्ता माझ्यासमोर लिही." ते पत्र टाइप होऊन सही होईपर्यंत ते उभेच राहिले होते.

पाकीट ब्रीजच्या हातातच होतं. तिने ते मला दिलं.

दुपारी डेक्लन माझ्यापाशी आला. "त्याच शब्दाची दुसरी प्रिंट काढ," एवढंच म्हणाला.

मी कॉम्प्युटरसमोर बसले. पाकीट पिशवीत होतं. भीती गेली होती असं मुळीच नाही; डेक्लनने एक फोन केला असता तर त्या पत्राचा काही उपयोग नव्हता. पण त्या वेळी त्या माणसाचं रिकामं टेबल माझ्या डाव्या हाताला होतं आणि मला तिकडे बघता येत नव्हतं. मी तिन्ही ठिकाणी पुन्हा 'रॅम्प' लिहिलं. खाली लिहिलं: चढ एकास नऊ, मधला टप्पा नाही, कठडे नाहीत. सही केली, पूर्ण नावाने, आणि डेक्लनच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. "तुम्ही दोघं मिळून मला बुडवणार," तो म्हणाला. मी उभीच होते. मग त्याने तो कागद स्वतःच्या हाताने पाकिटात घातला. त्याने तसं का केलं, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित तोही दमला होता.

वृद्धाश्रमाचा दाखला अर्थातच अडला. ठेकेदार तोवर गाशा गुंडाळून गेला होता. आणि आमचं ऑफिस पुढच्या वसंतात बंद पडलंच. 'स्लोप्ड पाथ' लिहून कागद गेला असता तरी पडलं असतं, असं ब्रीज म्हणायची. पर्मिट हातात होतं म्हणून मधले महिने निभावले. मंदारला डब्लिनला नोकरी लागली, आम्ही तिथल्या ओंगार या उपनगरात राहायला गेलो, आणि दीड वर्षाने मलाही तिथे काम मिळालं, दुसऱ्यांची ड्रॉइंगं तपासण्याचं. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्याच शरद ऋतूतल्या एका शनिवारचं.

ब्रीजचा फोन आला. गावातल्या लोकांनीच ती वाट फोडून रॅम्प बांधायला घेतलाय, म्हणाली. त्या वर्षी त्या गावात दर दुसऱ्या घरात एक बेकार गवंडी नाहीतर सुतार बसलेला होता. कॅथलीनबाईंनी पोस्टात चाळीस वर्षांत ज्यांची ज्यांची पत्रं पोचवली होती त्यांच्या घरी फोन केले होते म्हणे. "आणि युवर मॅन तिथेच असतो," ब्रीज हिमसेल्फबद्दल म्हणाली. "शनिवारी ये."

मी सहा आठवड्यांत त्यांना फोनसुद्धा केला नव्हता. रोज ठरवायचे, आणि नंबर काढून फोन परत ठेवायचे. गाडी मंदार चालवत होता, मुक्ता मागे होती, आणि मी सबंध रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. गावाच्या वळणावर मी मंदारला म्हणाले, "परत जाऊ या का?" त्याने गाडी हळू केली, पण थांबवली नाही.

सात-आठ माणसं काम करत होती. जुनं काँक्रीट फोडून बाजूला ढीग केला होता. पहिला टप्पा झालेला होता, सपाट जागाही झाली होती, दुसऱ्या टप्प्याच्या कडेला फळ्या लावायचं चाललं होतं. कॅथलीनबाई दारात ब्लँकेट पांघरून खुर्चीत बसून सगळ्यांना सूचना देत होत्या. मंदार बाह्या सरसावून ढिगाऱ्याकडे गेला. मुक्ता आजींकडे गेली.

हिमसेल्फ फळीजवळ गुडघ्यावर बसून खुंट्या ठोकत होते. पँटला त्या पट्ट्या होत्याच. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मला तुमच्याशी बोलायचं होतं," मी म्हणाले.

"बोल."

जुळवलेली सगळी वाक्यं कुठच्या कुठे गेली. "मी इथे आले होते. मोजलं होतं. त्या आजींचा हात धरून त्यांना खाली आणलं होतं. आणि तरी सही केली."

"माहीत आहे मला."

"तुमची नोकरी माझ्यामुळे गेली."

"नोकरी मी सोडली. ते तू अंगावर घेऊ नकोस." त्यांनी आणखी एक खुंटी ठोकली. "दुसरा कागद पाहिला मी. डेक्लनने दाखवला."

मला वाटलं, आता ते बरं केलंस म्हणतील. ते म्हणाले नाहीत. वारा समुद्रावरून येत होता आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. मी विचारलं, "तुम्हाला माझा राग नाही आला?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आला," ते म्हणाले. "अजून आहे."

मागून कोणीतरी ओल्या काँक्रीटची ढकलगाडी घेऊन येत होतं. शेवटच्या दोन खुंट्या अजून ठोकायच्या होत्या.

"ती फळी धर," ते म्हणाले. "घट्ट. हलली तर सगळं वाकडं जाईल."

मी चिखलात बसले आणि दोन्ही हातांनी फळी धरली. ढकलगाडी कलली, काँक्रीट येऊन आतून फळीला टेकलं, आणि त्याचा सगळा भार माझ्या तळव्यांवर आला. ते "सोड" म्हणेपर्यंत मी ती धरून ठेवली.